बोटांच्या टोकांची अमानत



पवित्र कुरआनच्या ७५व्या सूरहच्या, म्हणजे सूरह अल्-कियामहच्या आरंभीच माणसाच्या एका जुन्या शंकेचा उल्लेख आला आहे. मेल्यानंतर माती झालेली हाडे पुन्हा कोण गोळा करणार, असे माणसाला वाटते. त्याला उत्तर मिळते ते असे की, हाडे तर राहोच, त्याच्या बोटांची टोकेसुद्धा जशीच्या तशी पुन्हा घडविण्यास अल्लाह समर्थ आहे (७५:३-४). या आयतींचा विषय मरणोत्तर जीवनाचा आहे, शरीरशास्त्राचा नाही. तरीही माणसाच्या साऱ्या देहातून नेमकी बोटांची टोकेच उल्लेखिली जावीत, याने आजचा वाचक क्षणभर थबकतो. कारण दोन माणसांच्या बोटांवरील रेषा सारख्या नसतात, जुळ्या भावंडांच्याही नसतात, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. निर्मात्याने प्रत्येकाच्या हातावर त्याची स्वतंत्र ओळख कोरून ठेवली आहे.

ही आयत मनात ठेवून एखाद्या रेशन दुकानापुढील रांगेत जरा उभे राहा. एक वृद्ध भगिनी यंत्रावर अंगठा ठेवते. यंत्र तिला ओळखत नाही. ती अंगठा पदराला पुसते आणि पुन्हा ठेवते. मग दुसरे बोट, मग तिसरे. आयुष्यभर भांडी घासून, विटा वाहून, शेतात राबून त्या रेषा झिजल्या आहेत. मागची माणसे चुळबुळ करू लागतात. दुकानदार म्हणतो, "आजी, उद्या या." सारी वस्ती तिला नावाने ओळखते, दुकानदारही ओळखतो. ओळखत नाही ते फक्त यंत्र, आणि धान्य अडले आहे ते यंत्राच्याच होकारावर. जी बोटे अल्लाह कियामतच्या दिवशी पुन्हा घडविणार आहे, त्याच बोटांपायी आज तिची पिशवी रिकामी परत जाते.

हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पाहून हळहळ वाटली असेल आणि आपण आपापल्या कामाला लागलो असू. परंतु ईमानधारकाला केवळ हळहळून मोकळे होता येत नाही. माणसाचे ठसे, डोळ्यांची बुबुळे, चेहरा, नाव, पत्ता, उत्पन्न, आजार ही सारी त्याची ओळख आहे, आणि ती कोणाच्याही हाती गेली तरी त्याच्या हातात ती अमानत असते. अमानत म्हणजे दुसऱ्याची वस्तू, जी आपल्याजवळ आहे परंतु आपली नाही. सूरह अन्-निसामध्ये अल्लाहचा आदेश आहे की अमानती त्यांच्या हक्कदारांना पोहोचत्या कराव्यात आणि लोकांमध्ये निवाडा करताना न्यायाने करावा (४:५८). अमानत आणि न्याय ही दोन कर्तव्ये एकाच आयतीत एकापाठोपाठ यावीत, यात मोठा बोध आहे.

नोंद ठेवणे हा दोष नव्हे

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. माणसांची नोंद ठेवणे इस्लामला मुळातच अमान्य आहे, असे कोणी समजू नये. सहीह बुखारीत आदरणीय हुजैफा (र.) यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी, ज्यांनी इस्लामचा स्वीकार केला आहे त्यांची नावे लिहून देण्यास सांगितले आणि सहाबांनी १५०० पुरुषांची नावे लिहून दिली. पुढे दुसरे खलीफा आदरणीय उमर (र.) यांनी 'दीवान' स्थापन केला. त्यात लोकांची नावे कुटुंबांनुसार व कबिल्यांनुसार नोंदवली जात, आणि त्या नोंदीच्या आधारे राज्याच्या कोषागारातून प्रत्येकाला वार्षिक वृत्ती मिळे. नोंद होती, परंतु ती माणसाला त्याचा वाटा पोहोचविण्यासाठी होती.

कुरआनने माणसांच्या वेगवेगळ्या ओळखींचा हेतूही सांगून ठेवला आहे. सूरह अल्-हुजुरातमध्ये म्हटले आहे की, मानवजातीला एका पुरुषापासून व एका स्त्रीपासून निर्माण केले आणि तिची राष्ट्रे व कबिले बनविले ते लोकांनी परस्परांना ओळखावे म्हणून, आणि अल्लाहजवळ प्रतिष्ठित तोच जो अधिक ईशपरायण (४९:१३). ओळख ही जवळ येण्यासाठी आहे. कोणाला वेगळे काढण्यासाठी, हिणविण्यासाठी किंवा दाराबाहेर उभे करण्यासाठी नाही. तेव्हा प्रत्येक नोंदीला आपण एकच प्रश्न विचारला पाहिजे : या नोंदीने माणसाला त्याचा हक्क मिळतो, की या नोंदीपायी त्याचा हक्क अडतो?

याच दीवानच्या संदर्भात एक प्रसंग इतिहासग्रंथांत येतो. मदीनेबाहेर एक तांडा उतरला होता. रात्री आदरणीय उमर (र.) आणि आदरणीय अब्दुर्रहमान बिन औफ (र.) त्याच्या रक्षणासाठी जागत होते. एका बाळाचे रडणे ऐकू आले. उमर (र.) यांनी त्याच्या आईला जाऊन बाळाकडे लक्ष देण्यास सांगितले. थोड्या वेळाने पुन्हा रडणे, पुन्हा तेच सांगणे. अखेर त्यांनी तिला खडसावले. समोर खलीफा उभे आहेत हे त्या बाईला ठाऊक नव्हते. ती म्हणाली की, मी या बाळाचे दूध वेळेआधीच तोडते आहे, कारण अंगावरचे दूध सुटलेल्या मुलांनाच उमर वृत्ती देतात.

नियम गैरहेतूने केलेला नव्हता. नोंदीसाठी काही अट हवी, म्हणून ती घातली गेली होती. पण त्या अटीची किंमत एक तान्हे बाळ आपल्या भुकेने मोजत होते. त्या दिवशी फज्रच्या नमाजमध्ये उमर (र.) इतके रडले की त्यांचे पठण लोकांना नीट ऐकू येईना. नमाजनंतर, आपल्या या नियमापायी किती बालकांचा जीव गेला असेल, या विचाराने ते स्वतःला दोष देऊ लागले. मग त्यांनी दवंडी पिटवली की मुलांचे दूध तोडण्याची घाई करू नका, यापुढे जन्मलेल्या प्रत्येक बाळाला वृत्ती मिळेल.

वाचकहो, आपल्या विषयाचे सार या प्रसंगात आहे. नियम चांगल्या हेतूने केला होता, एवढ्यावर उमर (र.) थांबले नाहीत. बाई खोटे बोलत असेल, असाही संशय त्यांनी घेतला नाही. अट आणि बाळ यांपैकी एक निवडायचे होते, तेव्हा त्यांनी अट सोडली. ज्याच्या हाती नोंदवही आहे, त्याने नोंदवहीतून बाहेर राहिलेल्यांचे रडणे ऐकले पाहिजे.

ठशांमागचा इतिहास

बोटांच्या ठशांनी माणूस ओळखण्याची आधुनिक पद्धत आपल्याच भूमीवर आकाराला आली, हे फार थोड्यांना माहीत असते. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका करारावर कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले. तेथे काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी ठशांच्या वर्गीकरणाचे मोलाचे काम केले. पण ती पद्धत जगभर प्रसिद्ध झाली ती त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने. माणसांची ओळख पटविण्याच्या विद्येत ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांची स्वतःचीच ओळख मागे पडली.

याच काळात परकीय सत्तेने ठशांचा दुसरा उपयोगही केला. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९११च्या सुधारित कायद्याने त्यांच्या नोंदलेल्या सदस्यांचे ठसे घेण्याची तरतूद केली. हातून काही घडण्याआधीच माणूस संशयित ठरला. हा शिक्का कायद्याने पुसला गेला तो १९५२ साली. महाराष्ट्रातील पारधी व अन्य विमुक्त समाजांना त्याची झळ आजही सोसावी लागते. संशयाने सुरू झालेली नोंद किती पिढ्यांचा पाठलाग करते, याचा हा आपल्या दाराजवळचा पुरावा आहे. ईमानधारकांनी अतिसंशयापासून दूर राहावे, कारण काही संशय हे पाप असतात, हा सूरह अल्-हुजुरातमधील आदेश (४९:१२) केवळ शेजारणी-शेजारणींसाठी नाही. तो सत्ताधाऱ्यांनाही लागू आहे. सुनन अबू दाऊदमधील एका हदीसचा आशय असा आहे की, शासक जेव्हा प्रजेत संशयाच्या जागा धुंडाळू लागतो, तेव्हा तो प्रजेला बिघडवितो.

आणखी एक पान दक्षिण आफ्रिकेतील आहे. १९०६ साली ट्रान्सवालच्या सरकारने आशियाई लोकांच्या सक्तीच्या नोंदणीचा व बोटांच्या ठशांचा वटहुकूम आणला. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गमधील एम्पायर थिएटरात भारतीयांची सभा भरली. अध्यक्षस्थानी अब्दुल गनी होते. त्या सभेत व्यापारी हाजी हबीब यांनी, हा ठराव ईश्वराला साक्षी ठेवून शपथपूर्वक केला पाहिजे, असा आग्रह धरला. सभेला उपस्थित असलेले मोहनदास गांधी या शपथेच्या कल्पनेने भारावले, आणि ज्याला पुढे सत्याग्रह हे नाव मिळाले त्याचा आरंभ त्या शपथेतून झाला.

पुढची घटना अधिक विचार करायला लावणारी आहे. १९०८च्या आरंभी तडजोड झाली. भारतीयांनी स्वेच्छेने नोंदणी करावी आणि सरकारने सक्तीचा कायदा मागे घ्यावा, असे भारतीयांनी तिचे स्वरूप समजून घेतले. तेव्हा गांधीजींनी स्वतः आपल्या बोटांचे ठसे दिले. परंतु कायदा मागे घेतला गेला नाही. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक नोंदणी दाखले जाळण्यात आले. म्हणजे भांडण शाईशी नव्हते आणि बोटांशीही नव्हते. स्वेच्छेने जे दिले ते सन्मानाने दिले, आणि शब्द मोडला गेल्यावर विरोधही तितक्याच निर्धाराने केला. दिलेल्या वचनाचा जाब विचारला जाईल, हे कुरआनने बजावले आहे (१७:३४). लोकांची माहिती घेताना सरकार, बँक, कंपनी किंवा संस्था जे वचन देते, तेही वचनच आहे.

आपल्या काळातील नोंद

आता आपल्या देशाकडे वळू. जानेवारी २००९मध्ये भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण स्थापन झाले. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. दहा बोटांचे ठसे, दोन बुबुळांच्या प्रतिमा आणि चेहऱ्याचे छायाचित्र यांना जोडलेला बारा अंकी क्रमांक, असे या योजनेचे स्वरूप आहे. ज्यांच्याजवळ कोणताही कागद नव्हता अशा गरिबांना ओळख मिळावी आणि मधल्यामध्ये होणारी गळती थांबावी, हा हेतू सांगितला गेला, आणि तो हेतू नाकारण्याचे कारण नाही. आज सव्वाशे कोटींहून अधिक लोकांजवळ हा क्रमांक आहे.

तरीही लोकांच्या मनात प्रश्न राहिले. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत अधिकार आहे. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार योजना वैध ठरवली, पण तिला मर्यादाही घातल्या. बँक खाते व मोबाईल क्रमांक आधारशी जोडण्याची सक्ती रद्द झाली. शाळेत प्रवेशासाठी आधार अनिवार्य करता येणार नाही, असे ठरले. ठसे जुळले नाहीत म्हणून कोणत्याही पात्र व्यक्तीला लाभ नाकारला जाणार नाही, ही सरकारतर्फे दिलेली ग्वाहीही न्यायालयाने नोंदवून घेतली. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला.

ही माहिती देण्याचा हेतू असा की, आपल्या हक्काचे ज्ञान असणे हा अन्याय टाळण्याचा पहिला उपाय आहे. रांगेतील त्या वृद्ध भगिनीला "उद्या या" असे सांगितले जाते, तेव्हा तिच्या बाजूने ही ग्वाही उभी आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क आहे. तो कोणाच्या मेहेरबानीचा विषय नाही. आपल्यापैकी कोणी एक जण तिच्यासोबत दुकानात गेला, नम्रपणे पण ठामपणे बोलला आणि गरज पडल्यास तहसील कार्यालयात अर्ज घेऊन गेला, तर ते सत्कर्मच ठरेल.

दार, परवानगी आणि नजर

खाजगीपणा ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे, असे कधी कधी आपल्यातील सुशिक्षितही म्हणतात. त्यांनी सूरह अन्-नूर वाचावी. दुसऱ्यांच्या घरात परवानगी घेतल्याविना व सलाम केल्याविना प्रवेश करू नये, आणि परत जाण्यास सांगितले तर निमूटपणे परत जावे, तेच अधिक शुद्धतेचे आहे, असा तेथे आदेश आहे (२४:२७-२८). 'नाही' म्हणण्याचा अधिकार घरमालकाला आहे आणि त्यासाठी कारण देण्याचे बंधन त्याच्यावर घातलेले नाही, हे ध्यानात घ्यावे.

बुखारीतील एका हदीसमध्ये आहे की, एक मनुष्य प्रेषितांच्या (स.) घरात फटीतून डोकावत होता. प्रेषित (स.) त्यावेळी हातातील फणीने डोके विंचरत होते. त्यांनी त्याला अतिशय कठोर शब्दांत समज दिली आणि परवानगीचा नियम नजरेसाठीच केला गेला आहे, असे सांगितले. त्या माणसाने पाऊल आत टाकले नव्हते, काही चोरले नव्हते. फक्त पाहिले होते. म्हणजे शरीअतच्या दृष्टीने नजर हाही एक प्रवेश आहे. आज ही नजर फटीतून येत नाही. ती कॅमेऱ्यातून, मोबाईलमधील ॲपमधून आणि माहितीच्या साठ्यातून येते. साधन बदलले, आदेश बदलला नाही.

हा आदेश राज्यकर्त्यालाही बांधतो, हे दाखविणारा एक प्रसंग इमाम गजाली (रह.) यांच्यासारख्या विद्वानांनी नमूद केला आहे. आदरणीय उमर (र.) रात्री फिरत असता एका घरातून गाण्याचा आवाज आला. ते भिंतीवरून आत उतरले, तर तेथे मद्य होते. त्यांनी त्या माणसाला फटकारले. तो उत्तरला की, ईमानधारकांच्या नायका, मी अल्लाहची एक अवज्ञा केली असेल, पण आपल्या हातून तीन घडल्या : हेरगिरीला मनाई असता आपण हेरगिरी केली, घरात दारातून येण्याची आज्ञा असता भिंतीवरून आलात, आणि परवानगी व सलाम यांविना प्रवेश केलात. उमर (र.) निरुत्तर झाले आणि त्याच्याकडून सुधारण्याचे वचन घेऊन त्याला माफ करून निघून गेले. तो माणूस निर्दोष नव्हता. तरीही त्याच्या घराची भिंत अबाधित होती, आणि काळातील सर्वांत सामर्थ्यशाली शासकाने ते मान्य केले.

दोन युक्तिवाद

या विषयावर बोलताना दोन युक्तिवाद हमखास ऐकू येतात.

पहिला असा : ज्याच्याजवळ लपविण्यासारखे काही नाही, त्याने घाबरायचे कशाला? याचे उत्तर सूरह अन्-नूरमध्येच आहे. फज्रपूर्वी, दुपारी विश्रांतीसाठी वस्त्रे उतरविल्यावर आणि इशानंतर, अशा तीन वेळी घरातील सेवकांनी आणि वयात न आलेल्या मुलांनीसुद्धा परवानगी घेऊनच आत यावे, असे तेथे सांगितले आहे (२४:५८). या तीन वेळी माणूस कोणते पाप करीत असतो? तो झोपतो, विसावतो, पतिपत्नी एकांतात असतात. सारे वैध आहे, तरीही पडदा आहे. पडदा केवळ पापासाठी नसतो, अब्रूसाठी असतो. निरोप हजच्या प्रवचनात प्रेषितांनी (स.) माणसाचे रक्त, संपत्ती आणि अब्रू ही तिन्ही एकाच पंगतीत बसवून पवित्र ठरविली आहेत. जो आपल्या घराला दार लावतो, त्याला कोणी चोर म्हणत नाही.

दुसरा युक्तिवाद धार्मिक वेष घेऊन येतो : अल्लाह तर सर्व काही पाहतोच, मग माणसांनी पाहिले म्हणून काय बिघडले? बंधूंनो, हा युक्तिवाद निर्माता आणि निर्मिती यांना एकाच पारड्यात घालतो. अल्लाहचे ज्ञान परिपूर्ण आहे आणि त्याची नोंद ठेवणारे फरिश्ते सन्मान्य आहेत (८२:१०-१२). त्यांच्या नोंदीत चूक होत नाही. ती नोंद विकली जात नाही, चोरीला जात नाही. माणसाचे ज्ञान अपुरे, हेतू संमिश्र आणि कुलूप कच्चे. ठशांच्या बनावट प्रतिकृती करून गरिबांच्या खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे आपल्या देशात नोंदले गेले आहेत. परवलीचा शब्द चोरीला गेला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

आणि सर्व काही पाहणारा तो अल्लाह आपल्या दासाशी कसा वागतो, तेही ऐका. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेल्या एका हदीसचा आशय असा आहे की, कियामतच्या दिवशी अल्लाह ईमानधारकाला आपल्या निकट घेईल, त्याच्यावर आपले आवरण घालील आणि त्याच्या अपराधांची त्याला एकेक करून आठवण देईल. दास कबूल करीत जाईल आणि आपण बुडालो असे त्याला वाटू लागेल. तेव्हा अल्लाह त्याला सांगेल की, जगात मी हे झाकून ठेवले होते आणि आज ते तुला माफ करतो. ज्याच्यापासून काहीही लपलेले नाही, तोसुद्धा आपल्या दासाची विचारपूस आवरणाखाली करतो. मग माणसाने माणसाचे उघडे करण्यात कोणती धार्मिकता आहे?

आपल्या हातातील नोंदवही

येथवर आपण सरकारविषयी व कंपन्यांविषयी बोललो. ते बोलणे सोपे आहे. आता आपल्याच घराकडे पाहू या.

रमजान आला की आपल्या संस्था धान्याची किट वाटतात. कृती उत्तम आहे. पण मागणाऱ्या विधवेकडून आधारची झेरॉक्स घेतली जाते, तिला किट हातात धरून उभे केले जाते, छायाचित्र निघते आणि सायंकाळपर्यंत ते शंभर मोबाईलवर पोहोचते. तिच्या मुलीच्या वर्गमैत्रिणीच्या मोबाईलवरसुद्धा. देणगीदारांना हिशेब द्यावा लागतो, हे मान्य. मग हिशेब वस्तूंचा द्यावा, पावत्यांचा द्यावा. चेहऱ्याचा कशाला? दान गुपचूप गरजवंतांना देणे अधिक चांगले, असे कुरआन सांगते (२:२७१). त्याच प्रकरणात अशा गरजूंचा उल्लेख आहे जे स्वाभिमानामुळे कोणापुढे हात पसरत नाहीत. अजाण मनुष्य त्यांना संपन्न समजतो, पण तू त्यांना त्यांच्या चेहऱ्यावरील खुणांनी ओळखशील, असे म्हटले आहे (२:२७३). ही आहे इस्लामला अपेक्षित असलेली ओळख. ती यंत्राची नव्हे, आपुलकीची आहे. शेजाऱ्याची चूल पेटली की नाही हे ज्याला कळते, त्याला झेरॉक्सची गरज पडत नाही.

आपल्या दुकानात, शाळेत, मदरशात, ट्रस्टच्या कार्यालयात लोकांच्या आधारच्या प्रती किती वर्षांपासून पडून आहेत? त्या कपाटाला कुलूप आहे काय? काम संपल्यावर त्या फाडून नष्ट केल्या जातात, की रद्दीत जातात आणि भेळेच्या पुडीसाठी वापरल्या जातात? आपल्या घराचा कॅमेरा आपल्या दाराकडे आहे, की समोरच्या घराच्या अंगणाकडे? विवाहासाठी आलेल्या मुलींची माहिती व छायाचित्रे आपण किती जणांना पुढे पाठवली? कोणाच्या आजाराचा कागद, कोणाच्या घटस्फोटाची बातमी आपल्या बोटाच्या एका स्पर्शाने किती दूर गेली? बोलता बोलता एखाद्याने इकडे-तिकडे पाहिले तर त्याचे ते बोलणे अमानत ठरते, अशा आशयाची हदीस आहे. तिथे नुसती मान वळविणेही पुरेसे मानले गेले. आपण तर लेखी विनंतीही मानत नाही.

काही साधी पथ्ये आजच पाळता येतील. गरज नसेल तेथे कोणाकडून आधार मागू नये, आणि मागितले तर कशासाठी ते सांगावे. स्वतः देताना शक्य असेल तेथे पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी आणि तिच्यावर कारण व दिनांक लिहावा. ठसे व बुबुळांची पडताळणी बंद ठेवण्याची सोय प्राधिकरणाने दिलेली आहे. घरातील वडीलधाऱ्यांना ती करून द्यावी, पण रेशनच्या दिवशी ती उघडून देण्याची आठवणही ठेवावी. ज्यांचे ठसे जुळत नाहीत अशा वस्तीतील वृद्धांची व कष्टकऱ्यांची यादी करावी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, आणि ती यादी मशिदीच्या फलकावर न लावता त्यांच्या मदतीसाठी वापरावी. तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या राखणीविषयी विचारले जाईल, ही प्रेषितांची (स.) शिकवण ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला जशी लागू आहे, तशीच ज्याच्या हाती केवळ एक मोबाईल आहे त्यालाही लागू आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, बोटांच्या टोकांपासून आपण आरंभ केला होता, तेथेच पुन्हा येऊ. एक दिवस असा येणार आहे की तोंडांवर मोहोर लावली जाईल, हात बोलतील आणि पाय साक्ष देतील (३६:६५). त्या दिवशी कोणाचाही ठसा झिजलेला नसेल. ज्या भगिनीला यंत्राने ओळखले नाही, तिला तिचा निर्माता ओळखेल, आणि तिची बोटे सांगतील की त्यांनी किती विटा वाहिल्या व कितीदा रिकामी पिशवी धरली. आपली बोटेही बोलतील. त्यांनी कोणते दार ठोठावले, कोणते न ठोठावता उघडले, कोणाची अब्रू झाकली आणि कोणाची पुढे पाठवली, ते सारे त्या सांगण्यात असेल.

प्रेषितांनी (स.) काही भगिनींना अल्लाहचे स्तवन बोटांच्या टोकांवर मोजण्यास सांगितले होते, कारण त्या टोकांना विचारले जाईल आणि बोलते केले जाईल. आज नमाजनंतर आपण सुब्हानल्लाह म्हणत एकेका पेरावरून अंगठा फिरवू, तेव्हा क्षणभर त्या रेषांकडे पाहावे. या रेषा आपण कोरल्या नाहीत. त्या अमानत आहेत, आणि आपल्या शेजाऱ्याच्या रेषाही अमानतच आहेत.

हे अल्लाह, आमचे दोष झाकून ठेव आणि आम्हांला इतरांचे झाकण्याची सद्बुद्धी दे. ज्यांच्या हाती लोकांच्या नोंदी आहेत त्यांना न्यायाची प्रेरणा दे, आणि जे रांगेतून रिकाम्या हाती परततात त्यांना त्यांचा हक्क मिळवून दे. आमच्या बोटांना आमच्या बाजूने साक्ष देणारी बनव. आमीन.